सत्तावीस नंबरचा दगड

जंगल बघायला लोक पदरचे पैसे मोडून जातात. मला तिथं राहण्याचा रोज मिळत होता, तरी पहिले आठ दिवस मीच फसलोय असं वाटायचं. बदलापूरच्या मागं, बारवीच्या बाजूच्या डोंगरात मी वनखात्याचा हंगामी राखणदार होतो, दिवाळीच्या थोडं आधीपासून होळीपर्यंत. नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं असतील. आमच्या गल्लीतलं कुणी तिकडं राहिलेलं नाही. जे गेले ते पावसाळ्यात धबधब्याखाली भिजले, बाटल्या फोडल्या आणि "काय निसर्ग आहे!" म्हणत घरी आले. त्यांच्यासाठी हे लिहितोय. निसर्ग सोडून बाकीचंही तिथं बरंच आहे.

उल्हासनगर, पाच नंबर

माझी शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मी सोडली. मास्तरांनी थांबवलं नाही. एक बाक मोकळा झाला म्हणून त्यांना बरंच वाटलं असणार. हिंगोलीकडच्या आमच्या गावातून मी मामाकडं आलो आणि मामानं मला जीन्स धुण्याच्या कारखान्यात चिकटवलं. कोऱ्या करकरीत पँटी दगडांबरोबर घुसळून जुन्या करायच्या, हा तिथला धंदा. आमच्या गावात जुनी पँट नवी दिसावी म्हणून माणूस तांब्यात निखारे घालून इस्त्री मारतो. इथं नवी पँट जुनी दिसावी म्हणून मी दिवसभर निळ्या पाण्यात उभा. शहाण्या लोकांचं शहर.

वर्षभरात नखं निळी झाली. मग खोकला लागला तो जाईना. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "हवा बदलो." एका खोलीत आम्ही सात जण झोपायचो. हवा बदलायची तर कूस बदलायची, एवढीच सोय.

शेजारच्या खोलीतले कांबळेकाका वनखात्याच्या ऑफिसात शिपाई होते. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून त्यांनी माझा अर्ज लिहिला. सही तेवढी मी केली, आणि तीही चुकवली. काकांनी नवा कागद घेतला, मला चार वेळा सही गिरवायला लावली. एक शब्द टाकून बोलले नाहीत. त्या माणसाचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही. आणि पापड लाटणारी समोरची सिंधी दादी. निघताना तिनं चिंध्या जोडून शिवलेली एक जाडजूड रल्ली, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, माझ्या खांद्यावर टाकली. "उधर ठंड होगी, पुट." मामा मात्र गल्लीभर सांगत सुटला, "भाचा फॉरेस्टात साहेब झाला." साहेबाच्या पायात दोन वेगवेगळ्या जोडांच्या चपला होत्या.

अंबरनाथ पश्चिम

माझ्यावरचे वनरक्षक, म्हणजे गार्डसाहेब, राहायला अंबरनाथ पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. ज्या डोंगरांचं ते रक्षण करायचे ते त्यांच्या गॅलरीतून धुरकट दिसायचे. त्यामुळं रोज जायची गरज पडत नसावी. त्यांनी मला एक कोयता, चुन्याची पोती, काळ्या पेंटचा डबा आणि केस झडलेला ब्रश दिला.

"कामं तीन," ते म्हणाले. "एक, जाळरेषा. गवत कापून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे वणवा लागला तर पलीकडं जात नाही. दोन, लाकूड नेणाऱ्याला हटकायचं. तीन, हद्दीचे दगड. चाळीस आहेत. प्रत्येकाला चुना मारायचा, वर काळा नंबर घालायचा. धनतेरसला माझे वरचे, राउंडसाहेब, मोजायला येणार."

"आणि एखादा नाही सापडला तर?"

"दगड गेला म्हणजे हद्द गेली. हद्द गेली म्हणजे तू गेलास." स्वतःच्याच बोलण्यावर ते खूष होऊन हसले. मी माझी निळी नखं मुठीत लपवली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात चाळीस हा एकच आकडा होता. चाळीस भरले तर होळीपर्यंत मोकळी हवा. एकोणचाळीस भरले तर परत निळं पाणी.

चौकी

कुळगावातून मीठ-मिरची घेतली. पुढं टेम्पोनं धरणापर्यंत, आणि तिथून चालत. चौकी म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. आधीच्या राखणदारानं भिंतीवर कोळशानं दिवस मोजायच्या रेघा ओढल्या होत्या. त्या अकरावर संपत होत्या.

दिवाळी त्या वर्षी उशिरा होती, त्यामुळं थंडी आधीच येऊन बसलेली. तुम्हाला ती थंडी सांगून कळायची नाही. उल्हासनगरात थंडी पडली तर माणूस मफलर बांधून चहाच्या टपरीवर जातो. इथं टपरी नाही. सकाळी दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली आणि कमरेइतकं गवत दवानं भिजलेलं. त्यात शिरलं की पँट अशी ओली, जशी कारखान्यात असायची. मनात आलं, एवढ्या लांब येऊन हेच का? पण पाण्याला रंग नव्हता. आणि चौथ्या दिवशी ध्यानात आलं की सकाळपासून मी एकदाही खोकलो नाही. तेव्हा मात्र मी त्या ओल्या गवताला हात जोडले.

खाली पंधरा-वीस घरांची ठाकरांची वाडी होती. तिथले काळूबाबा आणि चार गडी जाळरेषेच्या कामाला यायचे. कमरेला लाकडी आकडी, तिच्यात मागं अडकवलेला कोयता. चालताना तो कधी लागत नाही, बसताना कधी टोचत नाही. मी माझा कोयता हातात धरूनच हिंडायचो. पहिल्याच दिवशी गवतावर मारला तो माझ्या चपलेत घुसला.

"साहेब," काळूबाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "गवत कापायचं हाय. पाय नाय."

मला राग आला. कारण हे सगळे निरक्षर, आणि मी सातवी. त्यांचं मला काहीच पटायचं नाही. साप दिसला तर मारायचे नाहीत, नुसते बाजूला व्हायचे. रस्त्याच्या वळणावर प्रत्येक जण एक पानाची डहाळी टाकून पुढं जायचा. का, म्हणून विचारलं तर "टाकायची असते." आणि जेवण! आमच्याकडं ज्वारीची भाकरी खाल्ली की दुपारपर्यंत ती पोटात हजेरी देते. इथली तांदळाची भाकरी पांढरी, मऊ, वहीच्या कागदासारखी. खाल्ली कधी आणि गेली कुठं, पत्ता नाही.

पण ती भाकरी काळूबाबांची बायको पोशीबाय रोज माझ्यासाठी वेगळी थापायची, हेही लिहिलं पाहिजे. वर खुरासणीची काळी चटणी, कधी ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा. पहिल्या दिवशी तिनं माझा हात धरून उलटा केला.

"नखांना काय झालं रं? मेलेल्याची असत्यात अशी."

"कंपनीचा रंग आहे," मी ऐटीत म्हणालो.

"तोंडाला बी लावतात का?" ती म्हणाली, आणि सगळ्या बाया हसल्या.

शेठचा बंगला

वांगणीच्या अंगाला उतारावर एका शेठचं फार्महाऊस होतं. शेठ रविवारी यायचा. सोमवार ते शनिवार त्या बंगल्यात एक कुत्रा राहायचा आणि माणसांपेक्षा बरा राहायचा. दारात प्लास्टरची दोन हरणं उभी केलेली. चारी बाजूंना जंगल, आणि हरणं प्लास्टरची.

पहिल्याच रविवारी शेठनं मला हाक मारली. "ए फॉरेस्टवाले! आओ, चाय पियो." फाटकाच्या आत नाही, बाहेर. तिथं एक लांबट दगड आडवा टाकलेला होता, बाकासारखा. मी त्यावर बसलो. कान तुटलेल्या कपात चहा आला. शेठ आतून झोपाळ्यावरून विचारत होता, इथं वाघ आहे का, सागवान काय भावानं पडेल, मोर पाळता येतो का. मी सगळ्याला "हो साहेब, नाही साहेब" करत होतो. दगड गुळगुळीत होता, उन्हानं कोमट झालेला. थंडीत ढुंगणाला ऊब मिळाली म्हणून मी त्या शेठला मनातल्या मनात दुवा दिला. एवढा मी हुशार.

दगड

गार्डसाहेबांनी दिलेल्या जुन्या नकाशावर चाळीस ठिपके होते. एक ठिपका म्हणजे दीड तासाची चढण. काही दगड वेलींत गडप झालेले, काही पडलेले, एकावर मुंग्यांनी वारूळ केलेलं. मी कोयत्यानं साफ करायचो, चुना फासायचो, सुकला की नंबर घालायचो. अक्षर माझं वाईट, पण आकडे झकास. सव्वीस झाला, अठ्ठावीस झाला, चाळीसही झाला. सत्तावीस काही सापडेना.

तीन दिवस शोधला. नकाशात होता त्या जागी नुसता खड्डा. वाघबारस परवावर आली, धनतेरस तेरवावर. झोप उडाली. रल्लीत शिरलं की कारखान्यातली घुसळण कानात सुरू व्हायची.

चौथ्या दिवशी त्या खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर, करवंदीच्या जाळीत एक उभा दगड दिसला. कमरेइतका, वर निमुळता. अंगावर दोन-चार वेड्यावाकड्या रेघा आणि पावसानं धुतलेला काहीतरी तांबूस डाग. पायाशी नारळाची एक करवंटी. पिकनिकवाल्यांनी इथंही घाण केली, असं म्हणून मी ती करवंटी लाथेनं उडवली. दगडाला दोन हात चुना फासला आणि अगदी मन लावून लिहिलं, २७. मग लांब जाऊन बघितला. चाळिसांत देखणा तोच दिसत होता.

वाघबारस

आमच्याकडं त्या दिवशी गाय-वासराची पूजा. इथं वाघाची. वाघानं वर्षभर गुरं सोडली म्हणून त्याचे आभार, पुढंही सोडावीत म्हणून खीर. वाघ या डोंगरात कुणी बघून जमाना झाला होता. मी मनाशी म्हटलं, यांच्यासारखे भोळे हेच.

सकाळी चौकीसमोरून वाडी वर गेली. गुराखी, पोरं, नव्या तांदळाच्या खिरीचं पातेलं डोक्यावर घेतलेली पोशीबाय. थोड्या वेळानं वरून आरडाओरडा ऐकू आला. वाटलं, लाकूडचोर सापडला. मी कोयता घेऊन धावलो.

सगळे माझ्या सत्तावीस नंबरभोवती उभे होते.

"कोन मेल्यानं चुना मारला इतं?" पोशीबाय ओरडत होती.

"मी मारला," मी छाती काढून म्हणालो. "सरकारी काम आहे. बाजूला व्हा."

"सरकार तुजा बाप असंल. याचा नाय."

"याचा म्हणजे कुणाचा?"

काळूबाबा अगदी हळू म्हणाले, "ज्याच्या छातीवर सत्तावीस लिवलंस, त्याचा. यो वाघदेव हाय."

मी दगडाकडं बघितलं. त्या वेड्यावाकड्या रेघा चुन्याखालून आता दिसायला लागल्या. चार पाय होते. शेपूट होतं. मी चुना फासताना त्या शेपटीवर दोनदा ब्रश फिरवला होता.

"आमच्या बापजाद्यांनी त्याला नाव सुदा घेऊन हाक नाय मारली," एक गडी म्हणाला, "आन् यानं नंबर दिला. उद्या हजेरी घेशील का रं त्याची?"

"करवंटी कुटं हाय? तेलाची करवंटी होती."

मी ती लाथाडल्याचं सांगितलं. का सांगितलं, ते अजून कळत नाही. भीतीनं माणूस खरं बोलतो.

"उद्यापासून जाळरेषेला कुनी जायाचं नाय," काळूबाबांनी वाडीला सांगितलं. मग माझ्याकडं वळले. "आन् आज वाघ तू."

वाघबारसेला एका पोराला वाघ करतात, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडाला राख आणि गेरू फासला. पाठीवर माझीच रल्ली बांधली, कारण ती रंगीबेरंगी होती. दादीनं बघितलं असतं तर! आणि मला देवासमोरून हाकललं. मागं सगळी वाडी, हातात शेणाचे गोळे.

"आमच्या शिवेत येशील?"

"नाही येणार!" मी पळता पळता ओरडलो.

"तसं नाय! वाघावानी बोल! येशील?"

"नाय येनार!"

"गुरांवर डोळा ठेवशील?"

"नाय ठेवनार!"

एक गोळा कानावर बसला. पोरं तर बेभान झाली होती. सरकारी माणसाला शेण मारायची संधी त्यांना पुन्हा कधी मिळणार? मग मागून पोशीबायचा आवाज आला, सगळ्यांच्या वर.

"देवाला नंबर घालशील?"

मी थांबलो. वळलो. धाप लागली होती, पण खोकला आला नाही. "नाय घालनार," मी म्हणालो. आणि मला रडू आलं.

पोरांचे हात शेणासकट वरच राहिले. वाघ रडला तर काय करायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मी ओढ्याचं पाणी आणलं, नारळाच्या काथ्यानं चुना घासून काढला. काळा पेंट मात्र दगडाच्या खडबडीत अंगात मुरला होता. त्यावर तेल आणि शेंदूर चढवला. आकडा खालून दिसतच राहिला. पोशीबायनं माझ्या हातात खिरीचा द्रोण दिला. तिचा राग संपला नव्हता, पण द्रोण भरलेला होता.

खाता खाता मी बोलून गेलो. उद्या साहेब येणार, दगड एकोणचाळीस, मला परत त्या पाण्यात जावं लागणार. मी नखं दाखवली. मुळाशी आता रेघभर पांढरं उगवलं होतं, वर सगळं निळंच.

पोशीबायनं बोटं धरून बघितली. मग नवऱ्याला म्हणाली, "सांगा की त्याला. कशाला छळता?"

काळूबाबांनी चेहरा पाडला. "त्या खड्ड्यातला दगुड ना? त्यो आमीच नेला."

"कुठं?"

"शेटकडं. दोन सालं झाली. शेट बोलला, फाटकाशी बसायला दगुड पायजे. आमी वाहून दिला. आमाला काय ठावं, तुमचा हाय?"

"त्यावर नंबर होता!"

"आमाला वाचता येत नाय," काळूबाबा म्हणाले. "तुला बगता येत नाय. त्याच्यावरच बूड टेकून च्या पीत होतास."

वाडी हसली ती अशी हसली की खालच्या वाटेवरची गुरं थबकली. मला वाटलं, आता पुन्हा शेण आलेलं बरं.

चढण

दुपारी सहा जण निघालो. बंगल्यावर शेठ नव्हता, फक्त कुत्रा होता. त्यानं आम्हाला भुंकून ओळख दिली आणि सावलीत जाऊन पडला. दगड उलटा केला तर खालच्या बाजूला, मातीत, पुसट काळे आकडे. दोन आणि सात. माझ्या आधी कुणीतरी माझ्यापेक्षा वाईट अक्षरात लिहिलेले.

दोर बांधले, दोन बांबू घातले. ती चढण मी लिहिणार नाही. लिहिली तर तुम्हाला वाटेल मी काहीतरी केलं. मी फक्त मागून "हळू, हळू" म्हणत होतो, आणि दोनदा त्यांच्या पायात आलो.

"हे माझ्यासाठी करता, बाबा," मी काळूबाबांना म्हणालो.

"तुझ्यासाठी?" त्यांनी बांबू खांद्यावर सरकवला. "देवासाठी. एक दगुड कमी पडला तर तुमचा साहेब पुन्ना माणूस पाठवंल, आन् तो पुन्ना देवाला सरकारी नोकरीत घेईल."

सूर्य डोंगराआड जाता जाता दगड त्याच्या खड्ड्यात उभा राहिला. मी चुना मारला, नंबर घातला. या वेळी सात वाकडा आला.

राउंडसाहेब

धनतेरसला दहा वाजता जीप आली. गार्डसाहेब पुढं बसलेले, कडक इस्त्रीत. ज्या रस्त्यापर्यंत जीप येते तिथून एक, दोन आणि तीन नंबरचे दगड दिसतात. राउंडसाहेबांनी ते जीपमधूनच बघितले. पाय खाली टेकवला नाही.

"सगळे आहेत?"

"चाळीस, साहेब."

"मी स्वतः उभं राहून करून घेतले," गार्डसाहेब म्हणाले. अंबरनाथच्या गॅलरीत ते उभे राहिले असतील, त्यात खोटं काही नाही.

साहेबांनी रजिस्टरवर मांडीवरच सही केली. मग विचारलं, "इथं खेकडे चांगले मिळतात ना?" पोशीबायनं माझ्यासाठी दिलेला रस्सा त्यांनी डब्यासकट नेला. डबा परत आला नाही. जीप वळताना ते म्हणाले, "पोरगा बरा आहे. होळीपर्यंत राहू दे."

तीन दिवसांचा माझा जीव, पाच माणसांचे खांदे, एका देवाची अब्रू. आणि सत्तावीस नंबर बघायला कुणी आलंच नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र जीपच्या धुळीला पुन्हा हात जोडले. होळीपर्यंत!

पुढच्या रविवारी शेठ फाटकाशी कमरेवर हात ठेवून उभा. "इधर पत्थर था, कहाँ गया?"

"सरकारने ले गया, साहेब."

"ये सरकार किसी को बैठने नहीं देती," शेठ म्हणाला. तो स्वतः त्यावर कधी बसला नव्हता.

पाडव्यानंतर काळूबाबा आणि गडी कोयते लावून जाळरेषेवर हजर झाले. मला कुणी साहेब म्हणेना. "ए सत्तावीस, पाणी आन." "सत्तावीसला भाकरी दे गं." मी हाकेला ओ देऊ लागलो.

पुन्हा एकदा

होळीला काम संपलं. नखं पूर्ण पांढरी झाली होती. कांबळेकाकांनी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी सही मी पहिल्या फटक्यात केली. कुळगावात एका रोपवाटिकेत पाणी घालायचं काम लागलं. निळ्या पाण्यात मी पुन्हा उतरलो नाही.

पुढच्या वाघबारसेला मी उल्हासनगराहून तेल, शेंदूर आणि एक चांगली करवंटी घेऊन वाडीवर गेलो. दादीची रल्ली बरोबर होती. कुणीतरी मागेल असं वाटलं होतं, आणि मागितलीच. ती एका दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर चढली. देव लालभडक दिसत होता. छातीवरचा आकडा माहीत असणाऱ्यालाच दिसेल.

मी पोशीबायजवळ उभा राहिलो. पोरं वाघामागं धावली.

"शिवेत येशील?"

"नाय येनार!"

"गुरांवर डोळा ठेवशील?"

"नाय ठेवनार!"

आणि मग सगळी पोरं एका सुरात, जसं काही हे आजोबांच्या आजोबांपासून चालत आलंय, अशा थाटात ओरडली:

"देवाला नंबर घालशील?"

"नाय घालनार!" वाघ ओरडला, आणि पळाला.

मी शेजारच्या एका लहानग्याला विचारलं, "हे शेवटचं कामून विचारतात रे?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू याला एवढंही कळत नाही.

"विचारायचं असतंय," तो म्हणाला.